पाडे मोजा, मग रस्त्याचे बोला



‘जव्हार-मोखाड्यातल्या विरळ वस्तीला डांबरी रस्ते कशाला?’ असे विचारणारे पत्र गेल्या अंकात वाचले. त्यातला लोकसंख्येचा आधारच कच्चा आहे.

२०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्यात ८३ हजार माणसे नोंदली गेली. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. दिवाळीनंतर इथली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. मोजणीच्या सगळ्या काळात जो बाहेर, त्याची नोंदही बाहेरच. मग वस्ती विरळ दिसणारच!

शिवाय कागदावर गाव एक, प्रत्यक्षात विखुरलेले पाडे आणि मध्ये ओहोळ. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी भागासाठी २५० लोकवस्तीची अट होती. दीडशे माणसांचा पाडा तिथेच बाद. त्र्यंबकेश्वर-मोखाडा-जव्हार रस्त्यावर एसटी धावते, हे पत्रलेखकाचे म्हणणे खरे. पण त्या रस्त्यापर्यंत पोचायचे कसे? ऑगस्ट २०२२मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीची बाळंतीण डोलीतून न्यावी लागली. तिची जुळी बाळे दगावली. या दोन जिवांपुढे ‘परवडत नाही’ हा हिशेब मला मान्य नाही.

पुढची मोजणीही फेब्रुवारी २०२७मध्येच आहे. ग्रामपंचायतींनी रेशनकार्डे आणि अंगणवाडीच्या नोंदवह्यांवरून पाडानिहाय यादी आताच करावी आणि जिल्हा परिषदेने रस्त्यांचा आराखडा त्या यादीवरून आखावा, ही विनंती.

— एक वाचक, मोखाडा