शाल, श्रीफळ आणि मानधन

गवयाने पैशाचे नाव काढले की आपल्या समाजात अद्यापि थोडी कुजबुज होते. कला ही सरस्वतीची पूजा, तिचा व्यवहार कसला, असे म्हणावयास आपणांस आवडते. परंतु राजाश्रय वा कायमची नोकरी यांवाचून केवळ आपल्या कलेवर ज्यांनी संसार केला, त्यांची चरित्रे पाहिली म्हणजे या पूजेचा खर्च नेहमीच कोणीतरी सोसलेला आढळतो. तो कोणी सोसला, एवढेच आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आठवण होते ती पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विद्या संपादन करून १८९६ साली ते बाहेर पडले. गवयाने संस्थानिकाच्या दरबारी राहावे किंवा धनिकाच्या बैठकीत गावे, असा तो काळ. पलुस्करांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि सामान्य माणसाला श्रोत्याचा अधिकार दिला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेही लोकांच्या पाठबळावर. पुढे मुंबईस विद्यालयाची स्वतःची वास्तू झाली, पण ती कर्जावर उभी होती आणि अखेर त्या कर्जापायीच लिलावात गेली. गवयाला समाजात ताठ मानेने उभे करणाऱ्या या पुरुषाला आपल्या हयातीतच हे पाहावे लागले.

पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर, आणि देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व. क्षयाने ग्रासलेले कुमार १९४८ साली हवापालटासाठी देवासास, म्हणजे आम्हां मध्य प्रदेशीयांच्या अंगणातच, आले. काही वर्षे गाणे बंद होते, आणि ज्याला दरबार नाही त्याचे गाणे बंद झाले की मिळकतही बंद होते. त्या दिवसांत त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालविले व पतीची शुश्रूषाही केली. आजारपणात कानी पडलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून कुमारांना पुढे नवे राग सापडले, हे संगीताचे जाणकार सांगतात. त्या रागांमागे एका शिक्षिकेचा पगारही उभा होता, हे आम्हां शिक्षकांना विसरता येत नाही.

पांढरपेशा बैठकीतून तमाशाच्या कनातीत शिरले तरी हिशेब बदलत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी स्वतःचा फड चालविला. दिवस भरले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, खेळ चालू असतानाच प्रसूत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खेळ थांबला तर फडातील सर्वांचेच पोट थांबते, हे त्या जाणत होत्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. तथापि २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरच्या आजाराचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. आज महाराष्ट्र शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते.

आमच्या शेजारच्या खंडव्याचे किशोरकुमार मात्र या बाबतीत निराळे. मोबदला पदरात पडल्यावाचून ते गात नसत, अशी त्यांची ख्याती. लोकांनी त्यास विक्षिप्तपणा म्हटले. परंतु १९७६ साली, आणीबाणीत, सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात गाण्यास याच माणसाने नकार दिला, आणि आकाशवाणीवर त्यांची गाणी बंद झाली तरी ते नमले नाहीत. आपल्या कष्टाचे मोल जो जाणतो, त्यालाच कदाचित 'नाही' म्हणण्याचे बळ राहते.

आता आपल्या मंडळांकडे वळू. महाराष्ट्राबाहेर आपली भाषा टिकली ती पुष्कळशी भजनाने, नाट्यगीताने आणि गणेशोत्सवातील मेळ्याने. असे असता एका मंडळाचा जमाखर्च आमच्या पाहण्यात आला. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार, प्रत्येकापुढे रुपयांचा आकडा होता. गायक व तबलजी यांच्या नावांपुढे मात्र 'शाल-श्रीफळ' एवढीच नोंद होती. विचारता उत्तर मिळाले, "ते तर घरचेच आहेत!" घरचा म्हणून ज्याला एक पैसाही द्यावयाचा नाही, त्याने रियाझाला वेळ कोठून आणावा? आमच्या राजपुऱ्यात आणि साऱ्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तो माग चालविणारा शेजारीच राहतो, म्हणून कोणी त्याच्याकडे कापडाचा तागा फुकट मागत नाही.

हल्ली तरुण कलावंत आपले गाणे स्वतःच ध्वनिमुद्रित करून थेट आपल्या मोबाईलवर पोहोचवितो. कोणाच्या देवडीवर त्याला तिष्ठावे लागत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण ऐकणे जवळजवळ फुकट झाले आहे, आणि त्याच्या वाद्यांचा, साथीदारांचा, प्रवासाचा खर्च काही फुकट झालेला नाही. एका राजाची जागा हजारो श्रोत्यांनी घेतली, तर त्या राजाचे कर्तव्यही त्या हजारांत वाटले गेले पाहिजे. नाहीतर तो भार पुन्हा एखाद्या भानुमतीबाईंवर, सावकारावर किंवा कलावंताच्या देहावर पडणार.

म्हणून आमची मंडळांच्या चालकांस विनंती आहे. येत्या उत्सवाचे अंदाजपत्रक कराल, तेव्हा मंडपाच्या आधी मानधनाची ओळ लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती आधी ठरलेली असावी, आणि गावच्या कलावंतालाही पाहुण्यासारखीच पाकिटात घालून हाती द्यावी. शाल आणि श्रीफळ त्यावर अवश्य ठेवावे. तेथे ते शोभून दिसेल.