भाषणानं मन घट्ट होत नसतं

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात गोल्फचं मैदान नाही आणि होणारही नाही. उन्हाळ्यात माणसांना टँकरची वाट बघायला लावणाऱ्या या बालाघाटच्या माळावर हिरवळीला पाणी पाजायची कल्पना कुणी मांडलीच, तर त्याला लोक आधी दवाखान्यात नेतील. तरीही मी आज गोल्फचं नाव काढणार आहे. श्रीमंतांच्या या खेळानं एक गोष्ट कधीच मान्य करून टाकली, जी आपण अजून मान्य करायला तयार नाही. हातापायांसारखा मनाचाही सराव करावा लागतो, आणि तो मैदानातच करावा लागतो.

आपल्याकडे मनासाठी काय करतात? व्याख्यान ठेवतात.

भरतीची जाहिरात निघाली किंवा बारावीची परीक्षा तोंडावर आली की कुठल्या तरी पटांगणात मांडव पडतो. शाल, श्रीफळ, सत्कार, मग सत्काराला उत्तर. लांबून आलेला वक्ता दीड तास घसा फोडतो. वाघ, मुंगी, एडिसन आणि अब्दुल कलाम एका दमात येऊन जातात. म्हातारा गरुड कड्यावर चोच आपटून फोडतो आणि त्याला नवी चोच फुटते, ही कुठल्याही प्राणिशास्त्रज्ञाला ठाऊक नसलेली हकीकत हमखास सांगितली जाते. पोरं टाळ्या वाजवतात, स्टेटस ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच पोरं तेरखेड्याच्या रस्त्याला तशीच पळत असतात, जशी आदल्या दिवशी पळत होती. फरक पडलेला असतो तो फक्त वक्त्याच्या खिशात.

मग मैदानी चाचणीचा दिवस उजाडतो. पोलीस शिपाई भरतीत या चाचणीला ५० गुण. पोरांसाठी १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. आमचं पोरगं रात्रभर एसटीत अवघडून, परक्या शहरात, अंधारातच रांगेत उभं राहतं. कागद तपासले जातात, उंची-छाती मोजली जाते, अंगावर नंबर चढतो. ताटकळून पाय गार पडलेले असतात. शिट्टी वाजते आणि हे पोरगं, ज्यानं गावाकडं आपला वेग मनात बसवलेला असतो, तो विसरून शेजारच्या नंबराच्या टाचांमागं सुटतं. पहिली फेरी भन्नाट. दुसरीत खांदे वर कानाकडं सरकायला लागतात. तिसरीत श्वास पोटातून सुटून घशाशी येतो आणि मुठी आवळल्या जातात. चौथीत पाय चालत असतात, पळत नसतात. पाय कालचेच, फुप्फुसं कालचीच. बदललं ते एवढंच की आज कुणीतरी मोजत होतं.

गावात आल्यावर निकाल लागतो तो भरती अकॅडमीच्या सरांच्या तोंडून. “पोरगं तयारीचं होतं, पण मनानं कच्चं निघालं.” झालं! अकॅडमी सुटली, सर सुटले, वर्षभर घेतलेली फी सुटली. दोष सगळा पोराच्या मनावर, ज्या मनाकडे वर्षभरात कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. छाती फुगवायला पुशअप्स, पायाला चढ, गोळ्याला तंत्र. मनाला काय दिलं होतं? गरुडाची चोच.

आता जरा गोल्फवाल्यांकडे बघा. एक फेरी चालते चार तासांच्या आसपास आणि प्रत्यक्ष चेंडूला काठी लागायचा वेळ सगळा मिळून काही मिनिटांचा. बाकीचा वेळ माणूस चालत असतो आणि विचार करत असतो. म्हणजे स्वतःला खायला भरपूर सवड. १८ खड्ड्यांच्या ७२ फटक्यांच्या मैदानात निम्मे, म्हणजे ३६ फटके, अगदी खड्ड्याजवळ चेंडू हळूच लोटण्यासाठी गृहीत धरलेले असतात. सव्वाचार इंची भोक, तीन फुटांवर चेंडू, वारा नाही, प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही. आणि तिथेच भलेभले थरथरतात. १९९६ च्या मास्टर्स स्पर्धेत ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांनी पुढे होता. संध्याकाळी तो पाच फटक्यांनी हरला. एका रात्रीत तो खेळ विसरला नव्हता.

असं का होतं, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. हजारदा केलेली हालचाल शरीर आपोआप करतं. दबाव आला की माणूस त्या आपोआप चाललेल्या हालचालीत नाक खुपसतो: मनगट बरोबर आहे ना, पाय नीट पडतोय ना. तिथंच घडी मोडते. उपाय म्हणून कसलेला गोल्फर प्रत्येक फटक्याआधी ठरलेलं तेच करतो. चेंडूमागं उभं राहून दिशा बघायची, एक श्वास सोडायचा, ठरलेल्या पावलांनी चेंडूशी यायचं, एकदा लक्ष्याकडं पाहायचं आणि मारायचं. सरावात तसंच, फायनललाही तसंच. लक्षाला बसायला जागा दिली की ते भटकत नाही. यात ‘मी जिंकणारच’ असली आरोळी कुठंही नाही.

फिल मिकेलसन हा मोठा गोल्फर तीन फुटांवरून सलग १०० वेळा चेंडू खड्ड्यात घालायचा सराव करायचा. एकही चुकला तर परत एकपासून. यातली गंमत ओळखा. पहिले ऐंशी-नव्वद हे हाताचं काम. पंच्याण्णवच्या पुढं तोच फटका जड होतो, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी हातात जमलेलं असतं. दबाव असा पैसे न देता, स्वतःच्या हातानं तयार करता येतो. मनाचा सराव म्हणतात तो हा. याला ना मांडव लागतो, ना माइक.

रोरी मॅकलरॉय २०११ च्या मास्टर्सला चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी उतरला आणि ८० फटके मारून पार मागं फेकला गेला. २०२५ मध्ये त्याच मैदानावर शेवटच्या खड्ड्याशी जिंकायचा सोपा फटका त्याचा चुकला, सामना बरोबरीत गेला. काही मिनिटांत तोच खड्डा पुन्हा खेळायचा होता. तो खेळला आणि जिंकला. आमच्या सरांच्या हिशेबानं हा मनाचा कच्चा की पक्का? दोन्ही नाही. चुकल्यावर पुढचं काय करायचं, हे त्यानं घोटलेलं होतं.

गोल्फ लांबचा वाटत असेल, तर आपला नेमबाज अभिनव बिंद्रा घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये फायनलला जाऊन सातवा आला. बीजिंगच्या तयारीत हा माणूस चाळीस फुटी खांबावर चढला, मोठ्या हॉलची सवय व्हावी म्हणून लग्नाचा हॉल भाड्यानं घेऊन त्यात नेमबाजीचा सराव केला आणि २००८ मध्ये सुवर्ण आणलं. आपल्या तालुक्यात मंगल कार्यालयांची वानवा आहे असं कुणी म्हणू नये. लग्नतिथी नसली की ती ओस पडलेली असतात.

इथं दोन नेहमीची माणसं उठून उभी राहतात. पहिला म्हणतो, “अहो, इथं पोटाची मारामार, मनाचं काय घेऊन बसलात?” साहेब, म्हणूनच घेऊन बसलोय. क्लबातल्या पोराचा चेंडू हुकला तर तो पुढच्या रविवारी पुन्हा मारेल. आमच्या पोराची भरती कधी निघेल याचा भरवसा नाही आणि वय मात्र थांबत नाही. खुल्या वर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३, की दार बंद. ज्याला संधी एकदाच, त्याला दबावाचा सराव जास्त लागतो, कमी नाही.

दुसरा जास्त घातक. तो म्हणतो, गरिबीच मन घडवते. यासाठी तो आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेचं उदाहरण देतो. घरची ओढाताण सोसून धाराशिवची ही मुलगी भारताच्या खो-खो संघाची कर्णधार झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सत्काराच्या भाषणात तिची उपाशी राहिलेली वर्षं रंगवून सांगतात, मैदानात घाम गाळलेली वर्षं एका वाक्यात उरकतात. उपासमारीनं मन घडत असतं, तर भूम-परांडा-वाशीत प्रत्येक दुष्काळानंतर अर्जुन पुरस्कार वाटत फिरावं लागलं असतं! तिला भुकेनं नाही घडवलं, मैदानानं घडवलं.

खो-खोच घ्या. गोल्फ विचार करायला चार तास देतो, खो-खो डोळ्याचं पातं लवेपर्यंतही देत नाही. पाठलाग करणारी मुलगी धावता धावता बसलेलीच्या पाठीवर थाप मारते. हात लागायच्या आत ‘खो’ तोंडातून गेला की फाउल. बचाववाली हुलकावणी देऊन निसटली, तर मागं वळता येत नाही, हळहळायला वेळ नाही, पुढचा खो द्यायचा. चूक झाली त्याच क्षणी पुढच्या हालचालीत शिरायचं, हे या खेळात मुली रोज संध्याकाळी शिकतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. हजारो वेळा चुकून हजारो वेळा लगेच उठणं, हा तिच्या मनाचा सराव. म्हणजे विद्या आपल्या जिल्ह्यात आहे. फक्त ती खो-खोच्या मैदानाबाहेर पडू दिलेली नाही.

आणि परंपरेचा टेंभा मिरवणाऱ्यांनाही एक प्रश्न. मनाला उद्देशून २०५ श्लोक समर्थांनी लिहून ठेवले. आपण त्याचं काय केलं? पाठांतर स्पर्धा. पहिला नंबर, दुसरा नंबर, उत्तेजनार्थ. स्टेजवर उभं राहिल्यावर ज्या लेकराच्या पोटात गोळा येतो, त्या लेकराला त्या गोळ्याचं काय करायचं हे न सांगता मनाचे श्लोक घडाघडा म्हणायला लावणारे आपण.

करायचं काय, ते अवघड नाही. आठवड्यातून एक दिवस भरतीच्या दिवसासारखा घ्या. पोरांना अंधारात बोलवा, दोन तास रांगेत ताटकळत ठेवा, नंबर लावा, शिट्टी अनोळखी माणसाच्या हातात द्या, गावाला बघायला बोलवा आणि मग १६०० मीटर पळवा. पहिल्या फेरीचा वेळ ठरवून द्या. जो त्याहून लवकर आला त्याला शाबासकी नको, परत पळवा. गोळा टाकण्याआधी तीच पावलं, तोच श्वास, प्रत्येक वेळी. एक फेक वाया गेली की लगेच दुसरी, मध्ये कुणी बोलायचं नाही. मुलाखतीला जाणाऱ्यांना गावातल्या पाच अनोळखी माणसांसमोर बसवा आणि मुद्दाम मध्येच तोडा. खर्च शून्य. लागते ती सरांची पहाटे उठायची तयारी, आणि बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते इथंच.

म्हणून आईबापांना सांगणं एवढंच. सोयाबीनच्या पट्टीतून किंवा खव्याच्या पैशातून अकॅडमीची फी भरण्याआधी सरांना विचारा: दबावाचा सराव कुठल्या दिवशी घेता, आणि तो बघायला आम्ही कधी येऊ? उत्तरात वार आणि वेळ आली तर पैसे मोजा. उत्तरात भाषण सुरू झालं, तर पाकीट खिशात घालून सरळ घरी या.