डाव्या पायाचा प्रश्न

चारकोपची वसाहत आखली गेली, त्या वेळी तिच्या आराखड्यात मोटारीचा विचार फारसा नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून येथे भूखंड आणि पायाभूत सोयी पुरवल्या गेल्या; घर मात्र प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवत न्यावे, अशी ती योजना होती. घरे वाढली, मुले शिकून मिळवती झाली, आणि आज सेक्टरांतील अंतर्गत रस्त्यांच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरलेल्या असतात. त्यांतील पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. जुन्या गाडीवर घराचा जीव असतो, आणि तिचे दुखणे निघाले की घरातील प्रत्येक जण वैद्य होतो.

असेच एक कुटुंब कल्पावे. आजोबा सत्तरीच्या उंबरठ्यावर, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मुलाचे दुकान, तो रात्री नऊच्या आत घरी येत नाही. मुलांचे क्लास, आजोबांची फिजिओथेरपी, पर्युषणातील रोजचे मंदिर, हे सारे सूनबाईच्या हाती. गाडी २०११ सालची, ऑटोमॅटिक. आजोबांच्या गुडघ्याकडे पाहूनच ती घेतली होती. सूनबाई तिच्यावरच गाडी शिकली, आणि रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना आजोबा अजूनही स्वतः चक्र हाती घेतात. काही दिवसांपासून मात्र गाडी ‘डी’मध्ये टाकली की क्षणभर काहीच घडत नाही, मग मागून कोणी ढकलावे तसा धक्का बसतो आणि ती निघते.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडण्याचा जो खर्च सांगितला गेला, तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. तेथील मिस्त्रीने दुसरी वाट सुचवली. याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा जुना गिअरबॉक्स कुर्ल्याहून आणून बसवायचा. खर्च कमी आणि पुढची कटकटही नाही. मुलाला ते पटले. त्याचा हात मॅन्युअल गाडीवरच बसलेला होता.

सल्ला वेडगळ नाही. अशी अदलाबदल होऊ शकते आणि होतेही. तथापि ‘गिअरबॉक्स गेला’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवण्यापूर्वी गाडीत कोणत्या जातीची ऑटोमॅटिक यंत्रणा आहे, हे पाहणे अगत्याचे असते. आपल्याकडे ऑटोमॅटिक हा एकच शब्द निरनिराळ्या यंत्रणांसाठी वापरला जातो. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी एएमटी यंत्रणा आली, तिच्यात मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे तेवढी एक यांत्रिक हात करतो. तेथे बिघाड बहुधा त्या हातात किंवा झिजलेल्या क्लच प्लेटमध्ये असतो, गिअरबॉक्स बदलण्याचे कारणच नसते. सीव्हीटीमध्ये दोन कप्प्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा असतो, आणि त्यात भलतेच तेल पडले तर गाडी निघताना थरथरते. तिसरी, आणि या कुटुंबाच्या गाडीत असलेली, जात टॉर्क कन्व्हर्टरची. तीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घट्ट सांधा नसतो. एका बंद भांड्यातील तेल एका पंख्याचा जोर दुसऱ्या पंख्याकडे पोहोचवते. तेच तेल गिअरबॉक्समधील झडपाही चालवते. म्हणून तेल कमी झाले, जळाले किंवा वर्षानुवर्षे बदललेच नाही, की गिअर उशिरा लागतो.

खर्चाच्या आकड्यापूर्वी मिस्त्रीला विचारायचे ते हेच. तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने तपासली का? त्याला जळका वास येतो का? संगणक लावून दोषाचे संकेत वाचले का? एखादा सोलेनॉइड किंवा गतिमापक सेन्सर बिघडला तरीही गाडी धक्के देते, किंवा एकाच गिअरमध्ये अडकून चालते. गिअरबॉक्सचा तळ उघडल्यावर चुंबकावर बारीक करडा लेप दिसला तर तो वयाचा. धातूच्या चकत्या किंवा काळ्या प्लेटांचा चुरा दिसला तर मात्र दुखणे खरे. या गाडीत चुरा निघाला. म्हणजे गॅरेजचे निदान बरोबर होते. फक्त ते तपासाशिवाय सांगितले गेले होते.

आता अदलाबदलीचे काम. केवळ गिअरबॉक्स आणून भागत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाला पातळ चकती असते. मॅन्युअलला जड फ्लायव्हील लागते, आणि त्याचे बोल्टही पुष्कळदा वेगळ्या लांबीचे असतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तीन नग नवेच घ्यावेत. जुने बसवून चार पैसे वाचवणारा सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवतो. क्लचचे पेडल बसवायचे तर रुंद ब्रेक पेडल काढून पेडलांचा पूर्ण संच बदलावा लागतो. केबल, गिअरची दांडी, माउंटिंग, कित्येकदा ॲक्सल आणि स्टार्टरही निराळे निघतात. रेडिएटरमधून गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या नळ्या नीट बंद कराव्या लागतात. हे सुटे सुटे गोळा करण्यापेक्षा त्याच वर्षाच्या आसपासची, त्याच मॉडेलची मोडीत निघालेली पूर्ण गाडी मिळवणे शहाणपणाचे. कुर्ल्याचा सीएसटी रोड याच बाजारासाठी मुंबईभर ओळखला जातो. माल कोठून आला याचे बिल मात्र हातात असावे. कोणाच्या चोरीच्या गाडीचे सुटे भाग आपल्या घराखाली उभे राहू नयेत.

अवघड जागा याहून पुढे असते. ऑटोमॅटिक गाडी केवळ ‘पी’ किंवा ‘एन’मध्येच सुरू होते, कारण तशी सूचना वायरिंगमधून जाते. गिअरबॉक्स बदलला आणि ही वायर तशीच राहिली, तर चावी फिरवूनही स्टार्टर हलत नाही. मग कोणी त्या वायरी सरळ जोडून टाकतो आणि गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होऊ लागते. घरात मूल असेल तर हे विसरून चालणार नाही. मागचा पांढरा दिवा, वेगदर्शक, इंजिनाचा संगणक ही सारी जुन्या गिअरबॉक्सला विचारत राहतात, आणि त्याचे उत्तर आले नाही की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझत नाही. ‘पी’चा खिळाही आता नसतो. चढावर गाडी उभी करायची तर पहिला गिअर टाकून हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा, म्हणून इतकी वर्षे न वापरलेली हँडब्रेकची केबल आधी पाहून घ्यावी.

कायद्याचा मुद्दा चारकोपकरांना तरी लांबचा वाटू नये. एमएच-४७ क्रमांकाच्या गाड्यांचे परिवहन कार्यालय त्यांच्याच परिसरात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक या कामात बदलत नाहीत, हे खरे. पण नोंदणीपत्रावरील मॉडेलच्या नावातच पुष्कळदा ऑटोमॅटिकची अक्षरे असतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पंधरा वर्षे पुरी होत आलेल्या गाडीला तर हे टळतच नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावीच लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मिस्त्रीच्या हिशेबात या रकमा नसतात.

परवान्याची अडचण मात्र नाही. दुचाकीच्या परवान्यात गिअर असलेली आणि नसलेली असा भेद कायदा करतो. मोटारीच्या परवान्यात तो नाही. ऑटोमॅटिकवर शिकलेल्या सूनबाईला उद्या मॅन्युअल गाडी चालवण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी संध्याकाळच्या लिंक रोडची आहे.

आणि येथेच त्या घरातील चर्चा इतके दिवस चुकीच्या जागी चालली होती. गिअरबॉक्स, खर्च, मायलेज यांवर बोलणे झाले, ते दोन पुरुषांमध्ये, मुलगा आणि मिस्त्री यांच्यात; त्यांपैकी एकही जण दिवसा ती गाडी चालवत नव्हता. क्लचचे पेडल नकोसे वाटणे हा आळस नव्हे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक आणली, ती याच पेडलापासून चालकाला सोडवण्यासाठी. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना चक्राखालच्या दांडीने गिअर टाकणे हाच खरा वाहनधर्म वाटतो, आणि त्यांचा तो अभिमान रास्तही आहे. पण अभिमानाला गुडघा नसतो.

ज्या घरातील सर्व चालक मॅन्युअलला सरावलेले आहेत, पूर्ण सुटे भाग मिळाले आहेत आणि मिस्त्रीने असे काम पूर्वी करून दाखवले आहे, तेथे हा बदल जरूर करावा. या घरात आजोबांनी वेगळी युक्ती केली. शेजाऱ्यांच्या मॅन्युअल गाडीतून मुलाबरोबर ते एका संध्याकाळी चारकोपहून बोरिवली स्थानकापर्यंत गेले आणि मुलाने क्लच किती वेळा दाबला, हे बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. जपाची सवय असल्याने मोजणी चुकली नाही. घरी आल्यावर ते म्हणाले, “जाताना एकशे एकोणचाळीस. येताना मोजणं सोडून दिलं. सूनबाई, गाडी तुझ्या हातात असते, तूच सांग.”

“बाबा, पेडल मी शिकेन हो,” ती म्हणाली, “पण मग रविवारी तुम्ही काय चालवणार?”

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडून लेखी एस्टिमेट मागवले: प्लेटा, सील, तेल, मजुरी, आणि किती महिन्यांची हमी. ते पहिल्या आकड्यापेक्षा कमी होते, मॅन्युअलपेक्षा जास्त. एस्टिमेटचा कागद आता फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे, आणि त्याच्याखाली सूनबाईने नूतनीकरणाची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.