लॉमनबाईंच्या कांस्यपदकाची कैफियत

कॅनडाच्या नौकापटू सिल्केन लॉमन यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या शर्यतीत जिंकलेले कांस्यपदक हा निव्वळ इच्छाशक्तीचा चमत्कार होता, असा समज दृढमूल झालेला आहे. हा पूर्वपक्ष दुर्बळ नाही. त्या वर्षी १६ मे रोजी जर्मनीतील एसेन येथे, शर्यतीपूर्वी अंग मोकळे करीत असता, दोन जर्मन नाविकांची नौका त्यांच्या नौकेवर आदळली. वल्हविणारा जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतो, त्यामुळे समोरासमोरची गाठही कोणास वेळीच दिसली नाही. लाकडाच्या ढलप्या उजव्या नडगीत घुसल्या, स्नायू फाटून लोंबू लागले, पाच शस्त्रक्रिया झाल्या. आणि अवघ्या सुमारे अकरा आठवड्यांनी बाई बान्योलेसच्या सरोवरात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीस हजर होत्या.

परंतु चमत्कार म्हणणाऱ्यांना वल्हविण्याची विद्याच नीट ठाऊक नसावी. वल्हे हातात दिसते म्हणून जोर हातांचा, ही समजूत चुकीची आहे. बैठक रुळांवर सरकते, पावले फळीला बांधलेली असतात, वल्हे पाण्यात शिरते त्या क्षणी गुडघे छातीपाशी दुमडलेले असतात, आणि तेथून पाय ताठ करीत जी रेटणी होते तिच्यावरच नौका पुढे झेपावते. म्हणजे आघात झाला तो नेमका या विद्येच्या मुळावर. आणि तुटलेल्या मुळाची जागा केवळ इच्छा घेऊ शकत नाही. ती उणीव भरून निघाली ती पूर्वसंचितातून. १९८४ साली लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये थोरली बहीण डॅनिएल हिच्यासह दुहेरी नौकेत कांस्य. पुढे व्हिक्टोरिया येथे प्रशिक्षक माइक स्प्रॅक्लेन यांच्या हाताखाली पुरुषांच्या चमूबरोबर केलेला सराव. १९९१ साली व्हिएन्ना येथे जगज्जेतेपद. बान्योलेसच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात अमेरिकेच्या ॲन मार्डन पुढे सरकल्या असता बाईंनी तिसरे स्थान परत खेचून घेतले, ते याच वर्षांच्या बळावर. त्या दिवशी रुमानियाच्या एलिसाबेता लिपा पहिल्या आल्या. निरोगी लॉमन विरुद्ध लिपा ही लढत पाहावयास मिळाली नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

चमत्कारकथेला अडचणीच्या वाटणाऱ्या दोन गोष्टी सहसा वगळल्या जातात: १९८८ सालचे सेऊल ऑलिंपिकमधील सातवे स्थान, आणि १९९५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत सर्दीच्या औषधातील निषिद्ध द्रव्यामुळे चौघींच्या नौकेचे जप्त झालेले सुवर्णपदक. मी त्या मुद्दाम नोंदवितो. कारण अपयश, चूक आणि पुन्हा पाण्यात उतरणे यांवाचून ही कारकीर्द समजतच नाही. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच एकेरी शर्यतीत त्यांना रौप्यपदक मिळाले. पुढे होत्या त्या केवळ बेलारूसच्या एकातेरिना खोदोतोविच. त्या वेळी चार वर्षांपूर्वीच्या जखमेची सहानुभूती कोणी प्रतिस्पर्धी दाखविणार नव्हती, आणि बाईंनी ती मागितलीही नव्हती.