आपली सवय, आपलाच प्रयोग
चाकण एमआयडीसीत शिफ्ट बदलली की झोपेचं गणित बिघडतं. मग जो तो सांगतो, 'चहा सोड!' पण तुमची झोप खरंच चहामुळे उडते का? शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण 5 तास लागतात. कुणाला त्याहून बरेच कमी, कुणाला दुप्पट. म्हणून सरसकट सल्ल्यापेक्षा एकाच व्यक्तीचा स्वतःवरचा प्रयोग मला जास्त उपयोगी वाटतो.

रात्रपाळीच्या एका आठवड्यात नेहमीसारखा चहा घ्या. सकाळी घरी आल्यावर किती तास झोप लागली, ते रोज वहीत लिहा. पुढच्या रात्रपाळीत पहाटेचा चहा बंद, त्यापुढच्या वेळी सुरू, मग पुन्हा बंद. दिवसपाळीशी तुलना नको. नाहीतर फरक चहाचा की शिफ्टचा, हे कळणारच नाही.

'एका माणसावरून काय सिद्ध होणार?' जगाबद्दल काही नाही. पण झोप त्या एकाचीच उडाली आहे ना! दोन्ही वेळा झोप वाढली, तर सवय सोडायला स्वतःच्या वहीचा पुरावा मिळतो. नाही वाढली, तर दुसरं कारण शोधा. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर असे प्रयोग मुळीच करू नका.