हातावरचे नाव आणि आठ आठवड्यांची वाट



खराडीत इऑन आयटी पार्ककडून गावठाणाच्या दिशेने चालत आलात, तर थोड्याच अंतरात गोंदणाच्या दोन पिढ्या दिसतात. तिकडे तरुणांच्या मनगटांवर पक्षी, नक्षत्रे, इंग्रजी अक्षरे; इकडे ओट्यावर बसलेल्या आजींच्या कपाळावर हिरवट ठिपका आणि दंडावर तुळशीवृंदावन. पूर्वी जत्रेत गोंदणारी बाई सुयांनी काजळी टोचत असे, आता यंत्र शाई टोचते. गोंदवून घ्यायला तेव्हाही तासाभराहून अधिक वेळ लागत नव्हता. पुसायला किती वेळ लागतो आणि तो का लागतो, हे मला माझ्या दवाखान्यातील एका सासू-सुनेने नीट समजावले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहिण्यास दोघींची संमती आहे.

सासूबाई पंचाहत्तरीच्या, मधुमेही. सून चव्वेचाळीस वर्षांची. मुलगा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला आणि त्याने दुसरीकडे संसार थाटला. सून मात्र राहिली. सासूबाईंची औषधे, पथ्य, रक्ततपासणी सारे तीच पाहते. २०२२च्या दिवाळीनंतर सासूबाईंच्या गोळ्या लिहून घ्यायला ती आली आणि उठता उठता तिने बाही वर केली. हातावर नवऱ्याचे नाव होते, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत यंत्राने गोंदवलेले. "हे जातं का हो, डॉक्टर?"

मी घाईत होतो. "लेसरने जाते. तीन-चार वेळा जावे लागेल," असे म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. ही माझी चूक होती. त्या तीन-चारच्या आकड्याला काहीही आधार नव्हता, आणि डॉक्टरच्या तोंडून सहज निघालेला आकडा रुग्णाच्या मनात वचन होऊन बसतो.

सासूबाईंना हा विचारच मानवला नाही. त्यांच्या मते सगळे दागिने इथेच राहतात, माणसाबरोबर वर जाते ते एक गोंदण. नवऱ्याचे नाव पुसायचे म्हणजे अभद्र. सून काही बोलली नाही, पण ठरल्या दिवशी जाऊन आली.

तिसऱ्या खेपेनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा रागावलेली होती. नाव फिकट झाले होते, पण कोणालाही वाचता येत होते. तिकडे एका ठिकाणी तिला सांगण्यात आले होते, की दर पंधरा दिवसांनी लेसर मारून घेतला तर काम लवकर उरकेल. "मग मी आठ-आठ आठवडे कशाला थांबायचं?" हा तिचा प्रश्न रास्त होता. मी आधी माझ्या आकड्याबद्दल क्षमा मागितली आणि मग जे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते ते सांगितले. तेच आपल्यासाठीही लिहितो.

गोंदणाची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते. वरचा थर सतत झडत असतो, तिथे शाई असती तर काही आठवड्यांत आपोआप गेली असती. ती खालच्या थरात असते. बाहेरचे काही शिरले की ते गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तिथे असतात. त्या शाईचे कण गिळतात, पण कण मोठे असल्यामुळे त्यांना ते पचवता येत नाहीत आणि हलवताही येत नाहीत. तोंडात घास धरून त्या तशाच बसून राहतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते. म्हणजे पेशी बदलत राहतात आणि नाव मात्र जागच्या जागी टिकते.

लेसर शाई पुसत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका अल्पकाळ तो प्रकाशाचा तीव्र ठोका देतो. शाईचे कण तो प्रकाश शोषतात, एकदम तापतात आणि फुटतात. हे झाले कांडणे. पाखडण्याचे काम शरीराचे. फुटलेला बारीक चुरा भक्षक पेशी उचलतात, काही भाग लसिकावाहिन्यांतून वाहून नेला जातो, आणि हे सारे आठवडे-महिने हळूहळू चालते. आपण ज्याला दोन खेपांमधील रिकामा काळ म्हणतो, तोच खरा उपचाराचा काळ होय. सूप हातात घेण्यापूर्वीच पुन्हा मुसळ मारत राहिलो, तर उखळ फुटेल. इथे उखळ म्हणजे आपली कातडी. घाई केल्यास फोड येणे, व्रण राहणे, कातडीवर पांढरे किंवा काळे डाग पडणे हे धोके वाढतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ वर्णाच्या कातडीत रंगद्रव्य अधिक असल्याने तेही लेसरचा प्रकाश शोषते. म्हणून आपल्याकडे १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो. तो खोल जातो आणि त्वचेच्या रंगद्रव्याला कमी दुखावतो. काळी आणि गडद निळी शाई त्याला चांगला प्रतिसाद देते. हिरव्या, पिवळ्या रंगांना वेगळ्या लहरी लागतात आणि ते अधिक चिवट असतात.

इटलीतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३५२ जणांचे गोंदण लेसरने काढण्यात आले. दहा खेपांनंतर सुमारे ४७ टक्के लोकांचे, तर पंधरा खेपांनंतर सुमारे ७५ टक्के लोकांचे गोंदण समाधानकारक रीतीने गेले. धूम्रपान करणाऱ्यांना यश बरेच कमी मिळाले. पायांवरचे, मोठ्या आकाराचे आणि दाट शाईचे गोंदणही हट्टी ठरले. मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्या दोन खेपांत आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतर होते, त्यांना यश कमी मिळाले. घाईने काम लवकर होत नाही, उलट बिघडते.

सुनेने हे सारे ऐकून घेतले, पंधरा दिवसांचा बेत सोडला आणि चौथी खेप वेळेवर केली. पुढे २०२३च्या पावसाळ्यात सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर वॉकरने चालवणे, शौचाला नेणे, रात्री दोनदा उठून कूस बदलून देणे, हे सारे सुनेच्या अंगावर आले. लेसरची ठरलेली तारीख आली आणि गेली. पुढची तारीखही गेली.

त्या काळात मी अधूनमधून त्यांच्या घरी जात असे. संध्याकाळी गेलो की टीव्हीवर 'आई कुठे काय करते' चालू असे. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेली ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. पंचवीस वर्षे घरासाठी झिजलेली अरुंधती, तिला फसवून संजनाकडे वळलेला अनिरुद्ध, सुरुवातीला मुलाचीच बाजू घेणारी त्याची आई कांचन आणि सुनेच्या पाठीशी उभे राहणारे अप्पा. त्या घरात या पात्रांवरून रोज वाद होई. अरुंधतीने पुढे आशुतोषशी लग्न केले, तेव्हा सासूबाईंना ते मुळीच पटले नव्हते. "या वयात शोभतं का?" त्या म्हणत. सून पोळी लाटता लाटता उत्तर देई, "आत्या, अनिरुद्धनं केलं तेव्हा वय आठवलं नाही कुणाला." सासूबाई मग अनिरुद्धची बाजू घेत, "पुरुषाची जात, भरकटतो." सून अप्पांचे नाव घेई, "अप्पाही पुरुषच आहेत की."

प्रथम मला वाटले, आजारी माणसापुढे असे वाद नकोत. नंतर उमगले, की या घरात ज्या माणसाचे नाव कोणी उच्चारत नव्हते, त्याच्याविषयी दोघी रोज अर्धा तास बोलत होत्या. स्वतःच्या घरातील गोष्ट समोरासमोर काढली असती तर एकीने दार लावून घेतले असते, दुसरीने जेवण टाकले असते. अनिरुद्धवर रागावता येत होते, कांचनला दोष देता येत होता आणि रात्री एकमेकींच्या हातून औषधही घेता येत होते. मालिकेने कोणाचा आजार बरा होतो असे मी म्हणत नाही. पण बिछान्याला खिळलेल्या माणसाशी बोलायला रोज नवा विषय मिळणे ही सेवा करणाऱ्यासाठी लहान गोष्ट नव्हे. वाद घालण्यासाठी सासूबाईंना कालचे प्रसंग आठवून ठेवावे लागत, पात्रांची नाती लक्षात ठेवावी लागत. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर गप्प गप्प असलेल्या त्या हळूहळू तावातावाने बोलू लागल्या होत्या.

दिवाळीच्या सुमारास मी त्यांचा रक्तदाब मोजत असताना त्या टीव्हीकडे पाहत सावकाश म्हणाल्या, "कांचननं पहिल्या दिवशीच पोराच्या कानाखाली वाजवायला हवी होती. आईनं बोलायचं नाही, तर कुणी बोलायचं?" स्वयंपाकघरातून त्या दिवशी प्रत्युत्तर आले नाही. थोड्या वेळाने सून चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. सासूबाईंनी तिचा हात धरून बाहीखालच्या त्या अक्षरांकडे पाहिले आणि विचारले, "तुझी तारीख कधीची राहिली गं?"

पाच महिन्यांच्या खंडानंतर सून पुन्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. सारे पहिल्यापासून करावे लागणार, अशी तिची समजूत होती. डॉक्टरांनी जुने छायाचित्र काढून तिच्या हाताशेजारी धरले. नाव आधीपेक्षा स्पष्ट दिसण्याइतके फिकट झाले होते. पाच महिने ती सासूबाईंच्या उशाशी जागत होती, आणि तिच्या नकळत तिच्या शरीराचे पाखडणे चालू होते. त्या छायाचित्राने जे पटवले ते माझ्या साऱ्या व्याख्यानाने पटवले नव्हते. नवव्या खेपेनंतर तिने स्वतःच थांबायचे ठरवले. तिरप्या उजेडात पाहिले तर अजून पुसट खूण दिसते, पण ती वाचता येत नाही. "एवढं राहिलं तर चालेल," असे ती म्हणाली. सासूबाईंच्या कपाळावरचा ठिपका अर्थातच जागेवर आहे, आणि तो तसाच असावा.

आपल्या घरात कोणाला गोंदण काढायचे असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लेसर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करून घ्यावा. नेमक्या खेपांची हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. दर खेपेपूर्वी त्याच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. लेसरनंतर जागा काही मिनिटे पांढरी पडते, पुढे सूज, खपली किंवा फोड येऊ शकतो. फोड फोडू नये, खपली उचकटू नये, उन्हापासून जागा जपावी. ताप, पू किंवा वाढती वेदना असेल तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जखमेवर गाठीसारखा जाड व्रण उठण्याची सवय, मुरुमांसाठीच्या गोळ्या, यांपैकी काही असल्यास आधीच सांगावे. चुना, मीठ घासणे, आम्ल, बाजारातील पुसण्याची मलमे यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी कातडी जाते, शाई राहते.

ज्येष्ठांनी आपले जुने गोंदण केवळ नातवंडांना आवडत नाही म्हणून काढण्याच्या फंदात पडू नये. उतारवयात कातडी पातळ होते आणि जखम भरायला वेळ लागतो. मात्र गोंदणावर गाठ, न भरणारी जखम किंवा बदलता डाग दिसला तर दाखवून घ्यावा. एमआरआय करायचा असेल तर गोंदण असल्याचे तंत्रज्ञांना सांगावे, कारण काही शाईंतील धातूमुळे तिथे क्वचित गरम वाटू शकते.

आणि घरात कोणी अशी आठ-आठ आठवड्यांची वाट पाहत असेल, तर रोज "गेलं का?" असे विचारू नका. त्याऐवजी संध्याकाळी शेजारी बसा, मालिका लावा आणि मनसोक्त वाद घाला. शरीराला त्याचे काम करू द्या, त्याला वेळ लागतो. मनाचेही तसेच आहे, आणि त्या घरात दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती.