वीस दिवसांत निसर्ग

भारताचा नकाशा टेबलावर पसरून "वीस दिवसांत सगळा निसर्ग उरकू" म्हणणाऱ्या मंडळींशी माझा उभा दावा आहे. हो, 'उरकू'! जणू निसर्ग म्हणजे मुंज. आमच्या एका शेजाऱ्यांनी मे महिन्याच्या एकाच रजेत काझीरंगा, लेह, उत्तराखंडातली फुलांची दरी आणि कच्छचं रण बसवलंय. अहो, ती दरी उघडते जूनमध्ये, आणि फुलं बघायची तर जुलै-ऑगस्टच! बरं, तेव्हा जावं तर काझीरंगा बंद. ब्रह्मपुत्रा आत शिरलेली असते, गेंडेसुद्धा उंच जागा शोधत हिंडतात. रणही तेव्हा पाण्याखाली. पांढरं मीठ बघायचं तर थंडीतच जायला हवं. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, असं सांगितलं की विचारतात, "म्हणजे दोन दिवस फुकट?" फुकट कसे? दम तुमचाच लागणार आहे ना!

मुन्नारच्या नीलकुरिंजीची तर कमालच. बारा वर्षांनी एकदा फुलते. २०१८ साली फुलली, आता २०३०. मुलांची परीक्षा कधी संपते, हे ती कुणाला विचारत नाही.

तेव्हा आधी महिना बघा, मग मुलूख ठरवा, आणि एका रजेत एकच. डिसेंबर मिळाला तर कच्छ, फेब्रुवारी मिळाला तर काझीरंगा. मे महिन्यातच सुटका होणार असेल तर लेहला जा, आणि पहिले दोन दिवस खुशाल झोपा.